परवाना खोदण्याचा, बुजवण्याचे काय?

२००१ च्या जानेवारीत मी दक्षिणेतील एका मध्यम आकाराच्या शहराचा महापालिका आयुक्त होतो. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. लांब पल्ल्याच्या दूरध्वनी सेवेचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले होऊन काही महिनेच लोटले होते आणि शहराशहरांतून ऑप्टिकल फायबर केबल टाकण्याची चढाओढ लागली होती. रस्ते खोदाईच्या परवानगीची प्रकरणे माझ्या टेबलावर रोज येत. त्यांतील एकावर मी डिसेंबरात सही केली. जानेवारीतल्या एका पहाटे रेल्वे डाक सेवेतील एक सॉर्टर रात्रपाळी आटोपून सायकलवरून घरी निघाला होता, तो त्या चरात पडला. चराभोवती ना कठडा होता, ना कंदील. दोन दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

मी त्याच्या घरी गेलो होतो. आयुक्तांनी अशा वेळी जाऊ नये, असा सल्ला मला देण्यात आला होता. मोर्चा निघेल ही भीती. तसे काही झाले नाही. मृताच्या मेहुण्याने शांतपणे एवढेच विचारले, ‘साहेब, हा चर कोणत्या तारखेला बुजवायचा होता?’ मी म्हणालो, फाइल पाहून सांगतो.

फाइलमध्ये सतरा कागद होते. कंपनीचा अर्ज, मार्गाचा नकाशा, विभागीय अभियंत्याचा स्थळपाहणी अहवाल, वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र, रस्ता पूर्ववत करण्याचा आकार भरल्याचे चलन, लेखा विभागाची नोंद, परवानगीपत्राची स्थळप्रत वगैरे. परवानगीपत्रात बारा अटी होत्या आणि शेवटची अट अशी, की काम पूर्ण होताच रस्ता पूर्ववत करण्यात यावा. ‘होताच’ म्हणजे केव्हा आणि ‘करण्यात यावा’ म्हणजे कोणी, हे सतरा कागदांत कुठेही नव्हते. कर्त्याला वाक्यातून अलगद वगळण्याची जी सोय आपल्या सरकारी भाषेत आहे, तिची किंमत मला त्या दिवशी कळली.

चौकशीत जे निघाले ते असे. कंपनीने आकार आगाऊ भरला होता. म्हणजे डांबरीकरण करणे ही आमची, महापालिकेची जबाबदारी. कंपनीच्या ठेकेदाराने केबल टाकली, निम्म्या लांबीवर माती लोटली आणि मजुरांसह तो पुढच्या गावी निघून गेला. आमच्या अभियंत्यांना एकेका चरासाठी निविदा काढणे परवडत नसे. दहा-बारा चर साठले की एकत्रित निविदा निघे. आणि भरलेला आकार महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत जमा होऊन त्या महिन्याच्या पगारात खर्च झाला होता. एका कनिष्ठ अभियंत्याची वेतनवाढ रोखली गेली. सही माझी होती, पण माझ्यापर्यंत कोणी आले नाही.

हा प्रसंग आज सांगण्याचे कारण असे, की त्यानंतरच्या पाव शतकात रस्ते खोदाईच्या परवानगीचे नियम अनेकदा बदलले, ऑनलाइन झाले, जलद झाले. त्या मेहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांत अजूनही सापडत नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी. त्यामुळे थोडे मागे जाण्याचा मोह होतो. मोहेंजोदडोच्या गटारांवर विटांची आणि दगडी फरशांची आच्छादने होती, साफसफाईसाठी ती उचलता येत. रस्ता फोडावा लागत नसे. कौटिल्याने अर्थशास्त्रात मार्ग अडवणाऱ्यांसाठी दंड सांगितले आहेत आणि मार्ग नांगरून टाकणाऱ्याला त्या दंडाच्या चौथा हिस्सा. सार्वजनिक रस्त्याची जमीन उकरणे हा स्वतंत्र अपराध आहे, हे त्याला कळत होते. १८५७ च्या जुलैत, उत्तर हिंदुस्थान उठावाने पेटलेला असताना, कलकत्त्याच्या रस्त्यांवर वायुदीप लागले. ते लागण्याआधी त्या रस्त्यांखाली नळ्या पुरल्या गेल्या होत्या. आपल्या शहरांत खासगी कंपनीने सार्वजनिक रस्ता खोदण्याची कहाणी तेव्हापासून तरी सुरू आहे.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी भारतीय तार अधिनियम आला. तारयंत्र हे साम्राज्याच्या हातातले हत्यार. १८५७ चा अनुभव ताजा. तरीही या कायद्याच्या १० व्या कलमाने असे बंधन घातले, की स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागेत तारेचे काम करायचे तर तिची परवानगी लागेल, शक्य तितके कमी नुकसान करावे लागेल आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी लागेल. १२ व्या कलमाने त्या संस्थेला अटी घालण्याची मुभा दिली: खर्चाबद्दल, कामाच्या वेळेबद्दल, कामाच्या पद्धतीबद्दल. परकीय सरकारने स्वतःच्या तारखात्यालाही नगरपालिकेच्या दारात उभे केले होते, हे आज वाचताना नवल वाटते. अर्थात त्या नगरपालिकांत बसत कोण, हा वेगळा प्रश्न.

स्वातंत्र्यानंतर ७४ व्या घटनादुरुस्तीने १२ व्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ हा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येईल असे म्हटले. प्रत्यक्षात एकाच रस्त्याखाली आज पाच-सहा कायदे नांदतात. वीज कंपनी २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या ६७ व्या कलमाकडे बोट दाखवते. गॅसवाहिनीवाल्यांचा नियंत्रक २००६ च्या कायद्याने आलेला. पाणी आणि मलनिस्सारण चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद, दिल्ली येथे वेगळ्या मंडळांकडे आहे, ज्यांच्यावर महापालिकेचा अधिकार नावापुरता. रस्त्याचा मालक एक, त्याच्या पोटात शिरण्याचा हक्क सांगणारे अनेक.

यात सर्वांत वेगाने बदललेला भाग दूरसंचाराचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्राने मार्गाधिकाराचे नियम अधिसूचित केले. त्यांनी अर्जावर ६० दिवसांत निर्णय बंधनकारक केला, न झाल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद केली आणि प्रशासकीय शुल्काला किलोमीटरमागे कमाल १,००० रुपयांची मर्यादा घातली. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च त्याहून वेगळा. तो भरावा, नाहीतर बँक हमी देऊन कंपनीने स्वतः रस्ता दुरुस्त करावा. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार अधिनियम संमत केला आणि त्याखालील मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मुदतीचे आणि मानीव परवानगीचे तत्त्व त्यांतही कायम आहे.

हे नियम का आले, हे मी जाणतो, कारण ज्या गैरप्रकारांवर ते उतारा म्हणून आले, त्यांत आम्हीही सामील होतो. महापालिकांचे जकातीसारखे उत्पन्नाचे स्रोत आटत चालले होते आणि केबल टाकणारी कंपनी ही दुभती गाय वाटू लागली होती. काही महानगरांत किलोमीटरमागे लाखांनी आकार घेतले जात. शेजारच्या दोन शहरांचे दर एकमेकांशी जुळत नसत. अर्ज महिनोन्महिने पडून राहत आणि तो पुढे सरकावा म्हणून काय काय सरकवावे लागे, ते मी इथे लिहीत नाही. देशाला एका धाग्याने जोडणारी केबल एखाद्या प्रभाग कार्यालयातील कारकुनाच्या मर्जीवर अडून राहावी, हे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. मुदत हवीच होती.

आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. घड्याळ लावले गेले ते फक्त परवानगीच्या टेबलावर. महापालिका गप्प राहिली, तर कायदा म्हणतो, होकार समजा. पण खोदणारा निघून गेला, चर उघडा राहिला आणि कोणीच काही बोलले नाही, तर कायदा काय समजतो? काहीच नाही. अर्जात कामाचा कालावधी आणि सुरक्षेचे उपाय लिहावे लागतात हे खरे, देखरेखीचा अधिकारही प्राधिकरणाला आहे. परंतु न झालेल्या तपासणीचा कोणताही परिणाम नियमांत नाही. त्यातही मानीव परवानगीचे कामकाज मी जवळून पाहिले आहे. ज्या अर्जावर निर्णयच झाला नाही, त्यावर त्या रस्त्यापुरत्या खास अटी कोणी घातलेल्या नसतात. शाळेसमोर सुटीच्या दिवशीच खोदा, या वळणावर रात्री दिवा लावा, ही जुनी दगडी गटार फोडू नका, असे सांगणारा माणूस त्या कागदावर उमटतच नाही. १८८५ च्या कायद्याने दिलेला अटी घालण्याचा अधिकार अशा रीतीने कोणी न काढताच निघून गेला.

रस्ता पूर्ववत करणे म्हणजे नेमके काय, याविषयी धोरण लिहिणाऱ्यांना फारशी कल्पना नसते. मलाही नव्हती, एका निवृत्तीला आलेल्या उपअभियंत्याने शिकवले. चर भरताना माती एकदम लोटायची नसते. वीत-दीड वीत जाडीचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुमस किंवा यंत्राने दाबणी, मग पुढचा थर. तसे न करता भरलेला चर आठ दिवस छान दिसतो. पहिल्या पावसात पाणी कापलेल्या कडांमधून आत उतरते, पोकळ माती बसते आणि चराबरोबर शेजारचा न खोदलेला रस्ताही खचतो. दोन फुटांच्या चराने सहा फूट रस्ता जातो, असे तो म्हणे. त्याचा आणखी एक सिद्धांत होता: चर नीट भरला की नाही हे पावसाळ्याखेरीज कोणी सांगू शकत नाही, अभियंता तर नाहीच.

आणि पावसाळ्याच्या वेळापत्रकाशी आपल्या परवानग्यांचे वैर आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर खोदाई बंद असते. चेन्नईत ईशान्य मोसमी पावसामुळे ही बंदी ऑक्टोबरपासून लागते. दोन्हीकडे नियम शहाणपणाचा आहे. पण त्याच्या पोटात दुसरी घाई दडलेली असते. अनुदाने वर्षाच्या उत्तरार्धात सुटतात, ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवायचा असतो, कामाचे आदेश एकदम निघतात आणि बंदीची तारीख जवळ आली, की अर्धे चर रात्रीत बुजवले जातात. थर, पाणी, दाबणी या गोष्टींना त्या रात्री कोणाकडे वेळ नसतो. खोदणारे मजूर तर बहुधा आणखी दूरचे. दक्षिणेत पालमूरच्या, म्हणजे महबूबनगर भागातल्या, मजुरांच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या मातीकामासाठी देशभर फिरत आल्या आहेत. मुख्य कंपनी, तिचा ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार, त्याचा मुकादम आणि मग हा मजूर. परवानगीपत्राची प्रत या साखळीत दुसऱ्या कडीपलीकडे जात नाही.

खाली काय पुरले आहे, हे तरी आपल्याला ठाऊक असते का? मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपचे उद्घाटन झाले. खोदणाऱ्याने आधी कळवायचे आणि तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जायची, अशी कल्पना. बेसुमार खोदाईने देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच त्या वेळी सांगितले. कल्पना चांगली आहे, तिला आधार देणारे नियमही त्याच वर्षी आले. पण ॲपला उत्तर देण्यासाठी वाहिनीच्या मालकाकडे नकाशा असावा लागतो. माझ्या त्या शहरात जुन्या जलवाहिन्यांचा एकमेव विश्वसनीय नकाशा एका चावीवाल्याच्या डोक्यात होता. तो पाय आपटून सांगे, इथे नऊ इंची, इथे सहा इंची, ही बंद आहे, ही बंद दाखवली आहे पण चालू आहे. तो निवृत्त झाल्यावर आम्ही त्याला मानधनावर परत बोलावले. त्याच्याकडून नकाशा काढून घेण्याचे काम माझ्या बदलीनंतर राहून गेले. ही चूकही माझ्याच खात्यावर.

बंगळूरुने या बाबतीत दोन प्रयोग केले. एक, विविध यंत्रणांच्या खोदाईचा ताळमेळ घालणारी ऑनलाइन प्रणाली, २०१६ च्या सुमारास. प्रत्येक यंत्रणेने आपला आराखडा आधी सांगावा, म्हणजे आज डांबर आणि उद्या कुदळ हा प्रकार टळेल. ती परवानगीसाठी उपयोगी ठरली. पण स्वतःच्या फुटलेल्या नळासाठी ‘तातडी’ हा शब्द वापरणाऱ्या यंत्रणेला कोणती प्रणाली अडवणार? तातडीच्या खोदाईला नंतरही परवानगी घेता येते आणि एकदा ही पळवाट सापडली, की सगळ्याच कामांना तातडी येते. दुसरा प्रयोग टेंडरशुअर रस्त्यांचा. विठ्ठल मल्ल्या रस्ता, रेसिडेन्सी रस्ता अशा काही मोजक्या रस्त्यांवर पदपथ रुंद केले, त्यांखाली प्रत्येक वाहिनीसाठी वेगळी नळी ठेवली आणि ठरावीक अंतरावर झाकणे दिली, जेणेकरून पुन्हा रस्ता फोडण्याची गरजच पडू नये. मोहेंजोदडोचीच युक्ती, काँक्रीटमध्ये. खर्च नेहमीच्या रस्त्याच्या कितीतरी पट, म्हणून टीकाही झाली आणि तो सगळ्या शहराला लागू करता येणार नाही हे उघड आहे. सप्टेंबर २०२५ पासून बंगळूरुत एका महापालिकेच्या जागी पाच झाल्या आहेत. एकच केबल आता किती जणांच्या हद्दीतून जाईल आणि हद्दीवरचा चर कोण बुजवेल, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

ब्रिटनचे उदाहरण मी एरवी देत नाही. आपले अर्धे दुखणे तिथूनच आले आहे. पण १९९१ च्या तिथल्या कायद्याने एक साधी गोष्ट केली. ज्याने खोदले त्यानेच बुजवायचे आणि बुजवलेल्या जागेची दोन वर्षे, खोल चर असेल तर तीन वर्षे, हमी द्यायची. पैसे भरून मोकळे होण्याची वाट बंद केली. आपल्याकडे पैसे भरण्याची वाट राजमार्ग झाली, कारण ती दोन्ही पक्षांना सोयीची आहे: कंपनी जबाबदारीतून सुटते आणि महापालिकेला हातखर्चाला रक्कम मिळते. गैरसोय फक्त सायकलवाल्याची.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसे मरण पावली. यांतला कोणता खड्डा पावसाने पडला आणि कोणता रीतसर परवानगी घेऊन खोदला होता, हे त्या आकड्यातून कळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्यायालयाने ठेकेदार आणि अधिकारी यांच्यापर्यंत जबाबदारी नेण्याचा मार्ग दाखवला, हे त्यातले मोलाचे. मात्र ती जबाबदारी ठरवायला कागद लागेल आणि तो कागद आपले परवाने तयारच करत नाहीत.

माझे म्हणणे फार मोठ्या सुधारणेचे नाही. परवानगीपत्रावर दोन तारखा असाव्यात: खोदण्याची आणि बुजवण्याची, दुसरीसमोर एका माणसाचे नाव आणि हुद्दा. भरलेला आकार रस्तानिहाय वेगळ्या खात्यात राहावा, सर्वसाधारण निधीत मिसळू नये. आणि बँक हमी काम संपल्यावर नव्हे, एक पावसाळा उलटल्यावर परत मिळावी. त्या उपअभियंत्याचा सिद्धांत नियमात उतरवला, तर एवढेच होईल. यासाठी केंद्राचे नियम मोडावे लागत नाहीत, शुल्काची मर्यादाही ओलांडावी लागत नाही. कंपन्या विरोध करतील असेही मला वाटत नाही. ज्या चांगले काम करतात त्यांना हमी परत मिळण्याची खात्री असेल. विरोध झालाच तर तो लेखा विभागातून होईल.

गेल्या पावसाळ्यानंतर मी राहतो त्या शहराच्या प्रभाग कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज केला. तीन गोष्टी विचारल्या. मागील वर्षी प्रभागात किती मीटर रस्ता खोदण्यास परवानगी दिली, त्यापोटी किती रक्कम जमा झाली आणि प्रत्येक चर प्रत्यक्ष कोणत्या तारखेला बुजवून तपासला गेला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विसाव्या दिवशी मिळाली, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत अचूक. तिसऱ्याचे उत्तर, ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’. मी पहिले अपील दाखल केले आहे. सुनावणी पुढील महिन्यात आहे.